रोल-प्लेइंग गेम : खेळाडू काय मागतो आणि त्याला काय हवे असते

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे संगणकावरील रोल-प्लेइंग गेमच्या, म्हणजे खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळतो अशा गेमच्या, रचनेविषयी होती. त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीचे चार विद्यार्थी मिळून सांगलीच्या हळदीच्या जुन्या व्यापारावर एक रोल-प्लेइंग गेम तयार करत आहोत. त्यात हरिपूरची पेवे (हळद साठवण्याची जमिनीखालची कोठारे), कृष्णेचा घाट आणि बाजारपेठ आहे. ओळखीच्या खेळाडूंना काय आवडेल असे विचारले, तर बहुतेकांनी मोठा नकाशा, शंभर तासांचा खेळ आणि मनाला येईल तसे वागण्याची मुभा मागितली. चौघांना हे कसे झेपावे?
– चार विद्यार्थी, सांगली

उत्तर : हे चौघांना झेपणार नाही आणि झेपवण्याची गरजही नाही. तुमच्या मित्रांनी खोटे सांगितलेले नाही, परंतु त्यांनी वर्णन केले ते आधी खेळलेल्या गेमचे. त्या गेममध्ये नेमका कोणता प्रसंग लक्षात राहिला, असे त्यांना पुन्हा विचारून पाहा. नकाशा किती मैलांचा होता हे क्वचितच कोणी सांगेल. आपण काहीतरी केले आणि त्या जगाने त्याची दखल घेतली, अशी एखादी गोष्ट मात्र जवळजवळ प्रत्येक जण रंगवून सांगेल.

2023 मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या ‘बाल्डर्स गेट 3’ चे उदाहरण घ्या. त्यात मृतांशी बोलण्याचा एक मंत्र आहे. ज्याला तुम्हीच ठार केले त्याच्या प्रेतापाशी हा मंत्र घेऊन गेलात, तर ते प्रेत आपल्या मारेकऱ्याशी बोलायला नकार देते. मात्र वेषांतर करून गेलात तर तेच प्रेत बोलू लागते. हा गेम शेकडो माणसांनी मिळून घडवला, ही गोष्ट खरी, परंतु या एका प्रसंगाला लागणारी सामग्री म्हणजे मारेकऱ्याची नोंद, वेषांतराची तपासणी आणि चार-दोन ओळींचे संवाद, एवढीच आहे. आपल्या डोक्यात आलेली युक्ती गेम करणाऱ्याला आधीच सुचली होती, हे कळल्यावर खेळाडूला होणारा आनंद मोठ्या नकाशाने मिळत नाही.

ही परंपरा जुनी आहे. 1997 च्या ‘फॉलआउट’ मध्ये पात्राची बुद्धी अगदी कमी ठेवली, तर त्याला धड वाक्यही बोलता येत नाही आणि समोरची माणसे त्याला त्याच पायरीवर ठेवून वागवतात. उलट बोलण्यात तरबेज असलेले पात्र पुराव्यासह अखेरच्या खलनायकासमोर गेले, तर त्याने निर्माण केलेली जमात निर्वंश आहे हे त्याला पटवून देऊन लढाईशिवायच त्याचा शेवट घडवू शकते. सुरुवातीला पात्र घडवताना खेळाडूने जे गुण निवडले, तेच गुण पुढे गोष्टीला वळण देतात. माझ्या मते या प्रकारच्या गेमचा जीव यातच आहे, आणि लूट, चिलखते, लेव्हल (पात्राच्या ताकदीची पायरी) ही सगळी मंडळी त्याच्या मागून येतात.

आता स्वातंत्र्याचा प्रश्न. प्रत्येक निवडीला दोन फाटे ठेवले आणि कोणतेही फाटे पुन्हा एकत्र येऊ दिले नाहीत, तर दहा निवडींनंतर 1,024 वेगवेगळे मार्ग तयार होतात. एवढे कोणीही लिहू शकत नाही. त्यामुळे अनुभवी रचनाकार फाटे थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र आणतात, परंतु खेळाडू कोणत्या वाटेने आला याची नोंद ठेवतात आणि ती नोंद पुढच्या संवादांत, भावात, माणसांच्या वागण्यात दिसू देतात. जेवढे पाळता येईल तेवढेच वचन द्यावे, हे मात्र विसरू नका. ‘मास इफेक्ट’ च्या तीन भागांत खेळाडूंचे निर्णय एका भागातून दुसऱ्या भागात नेले जात होते. 2012 मध्ये तिसऱ्या भागाचा शेवट मोजक्या पर्यायांवर आणून ठेवला, तेव्हा खेळाडू इतके संतापले की कंपनीला त्याच वर्षी शेवटाची वाढीव आवृत्ती मोफत द्यावी लागली.

तुमच्या हाताशी पेव आहे, आणि माझ्या मते शंभर तासांच्या गेमपेक्षा ते मोलाचे आहे. अरुंद तोंडाच्या, जमिनीखाली खोल गेलेल्या त्या कोठारात हळद वर्षानुवर्षे टिकते, कारण आत हवा खेळत नाही; आणि नेमक्या त्याच कारणाने ते उघडल्याबरोबर आत उतरणे जिवावर बेतू शकते. कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यावी लागते. समजा, एका व्यापाऱ्याचे पोते पेवात असताना बदलले गेले आहे आणि ते रात्रीतून शोधायचे आहे. घाईने उतरणारा खेळाडू आत भोवळ येऊन पडेल आणि सकाळी त्याला बाहेर काढणारे हमाल त्याच्याविषयी गावभर बोलतील. हमालांशी आधीच सलगी केलेल्या खेळाडूला थांबायचे कधी आणि उतरायचे कधी हे ठाऊक असेल. हिशेबात हुशार असलेल्याला पेवात उतरायची गरजच पडणार नाही, कारण अडत्याच्या वहीतली खाडाखोड त्याच्या नजरेतून सुटणार नाही. यातल्या कोणत्याही मार्गाने तो गेला तरी दुसऱ्या दिवशी बाजारात सौद्याच्या वेळी त्याच्याशी लोक वेगळे वागले पाहिजेत. अशी पाच-सहा पेवे उत्तम साधली, तर आठ तासांचा गेमही लोक दुसऱ्यांदा खेळतील.

जाता जाता आणखी एक सुचवतो. जायच्या ठिकाणावर बाण दाखवू नका. 2002 च्या ‘मोरोविंड’ मध्ये पत्ता माणसांच्या तोंडून आणि रोजनिशीतून कळत असे, त्यामुळे खेळाडू वाटेवरच्या खुणा पाहत चालायचा. ‘संगमेश्वराच्या देवळावरून नदीकडे उतरा’ एवढे सांगितले तर खेळाडूला देऊळ पाहावे लागेल. अर्थात पत्ता चुकीचा किंवा अर्धवट लिहिला, तर हेच खेळाडू तुम्हाला शिव्या देतील, आणि ते रास्तच असेल.

प्रश्न : अनेक रोल-प्लेइंग गेममध्ये पात्राची कृती जमते की नाही हे फासा ठरवतो. यशाची शक्यता 95 टक्के दाखवूनही फासा उलटा पडला की गेम फसवतो आहे असे वाटते, आणि मी आधीचे सेव्ह (जतन करून ठेवलेला टप्पा) लोड करून मागे जातो. फासे काढूनच टाकले तर काय बिघडेल?
– एक वाचक, कराड

उत्तर : गेम सहसा फसवत नसतो. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक बाजू पडण्याची शक्यता 5 टक्के असते, म्हणजे 95 टक्क्यांची खात्री असलेली कृती वीस वेळा केली, तर त्यात निदान एकदा अपयश येण्याची शक्यता सुमारे 64 टक्के भरते. मन मात्र 95 ला शंभरच समजते. हे ओळखून काही गेम फाशाला थोडे वळण लावतात. ‘बाल्डर्स गेट 3’ मध्ये सलग वाईट किंवा सलग चांगले दान पडू नये अशी सोय आहे आणि ती नको असल्यास बंदही करता येते.

तुमची खरी तक्रार फाशाबद्दल नसावी असे मला वाटते. फासा पडल्यावर ‘जमले नाही’ एवढेच उत्तर मिळते आणि दार बंद होते, त्याचा तो राग आहे. अपयशानंतरही गोष्ट पुढे सरकली, किंबहुना अधिक रंगतदार झाली, तर कोण कशाला मागे जाईल? 2019 च्या ‘डिस्को एलिझियम’ मध्ये नेहमीची लढाईची यंत्रणाच नाही. चोवीस कौशल्ये आहेत आणि ती नायकाच्या डोक्यात एकमेकांशी वाद घालतात. दोन फाशांवर दोन्ही सहा पडले की यश ठरलेले आणि दोन्ही एक पडले की अपयश ठरलेले. तिथली काही अपयशे इतकी विनोदी किंवा करुण आहेत की यश मिळाले असते तर आपण काहीतरी गमावले असते असे वाटते. काही कसोट्या कौशल्य वाढवल्यावर पुन्हा देता येतात, काही एकदाच, आणि कोणती कसोटी कशी आहे हे आधी सांगितलेले असते. हा प्रामाणिकपणा फार महत्त्वाचा आहे.

मागे जाण्याच्या सवयीवर दुसरा उपाय 2007 च्या ‘द विचर’ मध्ये सापडतो. तिथे काही निर्णयांचे परिणाम पुढच्या प्रकरणात समोर येतात. तोवर कित्येक तास उलटून गेलेले असतात आणि जुने सेव्ह लोड करण्याचा मोह आपोआप गळून पडतो. तेव्हा फासे राहू द्यावेत. मात्र ज्या ठिकाणी अपयशानंतर लिहायला काहीच नसेल, तिथे फासा टाकायला लावू नये.

प्रश्न : नायकाची ताकद वाढते तसे शत्रूही वाढत जातात, हे अनेकांना का खटकते?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कारण मग वाढण्याला अर्थ उरत नाही. 2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’ मध्ये नायक वरच्या लेव्हलला गेला की रस्त्यावरचे किरकोळ दरोडेखोरही अतिशय महागडी चिलखते घालून फिरू लागत आणि वाटसरूंकडून किरकोळ रक्कम मागत, ही त्या गेमची कायमची थट्टा होऊन बसली. काही ठिकाणे पहिल्यापासून अवघड असावीत, खेळाडूने तिथून एकदा मार खाऊन परतावे आणि पुढे तयारीने जावे, यात जी मजा आहे ती सगळीकडे सारखाच प्रतिकार ठेवला तर राहत नाही.

प्रश्न : असे गेम मराठीत लिहिले तर खेळाडू वाचतील का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : लेखन चांगले असेल तर वाचतील. वरच्या सांगलीकर विद्यार्थ्यांच्या गेममधला हमाल आणि अडत्या पाठ्यपुस्तकासारखे बोलू लागले, तर मात्र पहिल्या पाच मिनिटांत कोणीही बंद करेल. त्या दोघांच्या बोलण्यात फरक ऐकू आला पाहिजे. तांत्रिक बाजूही आधीच पाहावी. देवनागरीतील जोडाक्षरे आणि वेलांट्या योग्य जागी बसवण्याची सोय प्रत्येक गेम इंजिनात, म्हणजे गेम तयार करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, मुळात असतेच असे नाही. मोफत मिळणाऱ्या ‘गोडो’ इंजिनाच्या 2023 मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ती आहे. कोणतेही इंजिन निवडण्यापूर्वी ‘वऱ्हाडातल्या ज्येष्ठ स्त्रियांची श्रद्धा’ असे एखादे वाक्य पडद्यावर उमटवून पाहावे, आणि तेही लहान लॅपटॉपवर, हातभर अंतरावरून.