वाचकांचे प्रश्न : प्रदर्शन पाहिले, पण डोंगराकडे कोणी गेले नाही

प्रश्न : आमच्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर संरक्षित डोंगराळ प्रदेश आहे, परंतु शहरातील बहुतेक वस्त्यांमधून तिकडे कोणी फिरकत नाही. आमच्या कलामंडळाने त्या प्रदेशाच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले. लोकांनी ते आवडीने पाहिले, मात्र पुढे काहीच घडले नाही. कला या कामी खरोखर उपयोगी पडते का?

उत्तर : पडते, परंतु तिच्याकडून कोणते काम करून घ्यायचे, हे आधी ठरवावे लागते. न पाहिलेल्या प्रदेशाविषयी आस्था निर्माण करणे चित्रांना उत्तम साधते. १८७१ मध्ये अमेरिकेतील यलोस्टोन प्रदेशाच्या पाहणी मोहिमेबरोबर गेलेले चित्रकार थॉमस मोरान आणि छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन यांच्या कामामुळे तेथील निसर्गाचे मोल अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना पटण्यास मदत झाली, आणि १८७२ मध्ये तो प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवणारा कायदा झाला. त्या सदस्यांनी केवळ मत द्यायचे होते. आपल्या शहरवासीयांनी तेथे पाऊल ठेवावे, अशी आपली इच्छा आहे आणि ती अधिक अवघड आहे.

वाट खुली असणे त्यासाठी पुरेसे ठरत नाही. १९३२ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर परिसरातील कामगार तरुणांनी किंडर स्काउट या डोंगरावरील, लोकांना बंद असलेल्या माळरानावर सामुदायिक प्रवेश केला आणि त्यांतील काहींना तुरुंगवास झाला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि १९५१ मध्ये तोच परिसर ब्रिटनच्या पहिल्या राष्ट्रीय उद्यानाचा, पीक डिस्ट्रिक्टचा, भाग झाला. तरीही १९८० च्या दशकाअखेर छायाचित्रकार इंग्रिड पोलार्ड यांनी लेक डिस्ट्रिक्ट या इंग्लंडमधील डोंगर-सरोवरांच्या प्रदेशाच्या पार्श्वभूमीवरील छायाचित्रांतून आणि त्यांसोबतच्या मजकुरातून, कृष्णवर्णीय व्यक्तीला त्या रम्य परिसरात वाटणारी अस्वस्थता मांडली. ‘ही जागा आपल्यासारख्यांची नाही’ ही भावना कोणत्याही फलकावर लिहिलेली नसते, आणि निर्मनुष्य निसर्गचित्रांचे प्रदर्शन तिला नकळत दुजोराच देते. आपल्या प्रदर्शनाचेही असेच काहीसे झाले असावे.

म्हणून आरंभ वस्तीतच करावा. गायनाचा गट, शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया, ज्येष्ठांचा कट्टा असे जे आधीपासून एकत्र येतात, त्यांच्याकडे कलावंताने काही महिने नियमित जावे आणि विषयही त्यांच्यासोबतच ठरवावा. पाणी हा त्यासाठी फार चांगला धागा आहे. मँचेस्टरला पाणी पुरवण्यासाठी पीक डिस्ट्रिक्टमधील लाँगडेंडेल खोऱ्यात एकोणिसाव्या शतकातच जलाशय बांधले गेले. म्हणजे डोंगरावर कधीच न गेलेल्या घरातही डोंगराचे पाणी पोहोचत होते. आपल्या नळाचे पाणीही त्याच डोंगरातून येत असेल, तर त्या प्रवासाचा नकाशा कापडावर भरता येईल, गाणे रचता येईल, वाटेवरचे आवाज ध्वनिमुद्रित करता येतील, आणि मग उगमापर्यंत जाण्याला सहलीपेक्षा वेगळा अर्थ येईल. त्या प्रदेशात राहणाऱ्या शेतकऱ्यांना व रक्षकांना आधी शहरात बोलवावे, कारण तेथे पोहोचल्यावर एखादा ओळखीचा चेहरा भेटणे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाचे असते. अंदाजपत्रकात बसभाडे, पावसाळी कोट आणि बूट यांची तरतूद कलासाहित्याच्या आधी करावी. कलामंडळांना हे रुचत नाही, तरीही. यश मोजायचे असेल, तर कलावंत सोबत नसताना किती जण पुन्हा गेले, ते पाहावे.

प्रश्न : तेथे एखादे कायमचे शिल्प उभारणे योग्य होईल का?

उत्तर : शक्यतो नको. लेक डिस्ट्रिक्टमधील ग्रिझडेल जंगलात १९७७ पासून शिल्पे उभी राहिली, परंतु त्यांतील अनेक लाकडासारख्या नैसर्गिक साहित्याची असून कालांतराने मातीत मिसळून जावीत अशाच बेताने केलेली होती. ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांनी तर १९६७ मध्ये गवतावर एकाच रेषेत ये-जा करून उमटलेल्या पायवाटेचे छायाचित्र घेतले आणि तीच कलाकृती ठरली. तात्पुरत्या कामासाठीही जमीनमालकाची व उद्यान प्रशासनाची लेखी परवानगी घ्यावी, पक्ष्यांच्या विणीचा हंगाम टाळावा आणि दगड हलवू नयेत, कारण त्यांच्याखाली अनेक लहान जीवांचा आसरा असतो.