खान कामात आहे

अगं,

तुझ्या कादंबरीचा खर्डा वाचला, चिठ्ठीही वाचली. वाचकाला भीतीच वाटत नाही, म्हणून नायकाला आणखी दुबळा करू का, असं विचारतेस. तुझ्या मावळ्याला हात लावू नकोस. दुखणं शाइस्तेखानाकडे आहे.

तुझा खान लाल महालात बसून हुक्का ओढतो, नोकरावर खेकसतो आणि गडगडाटी हसतो. पुढच्या प्रवेशात पुन्हा तेच. त्याला दुसरा उद्योगच नाही! खरा खान औरंगजेबाचा मामा, दख्खनचा सुभेदार. १६६०च्या मे महिन्यात तो पुण्यात आला. भर पावसाळ्यात चाकणच्या भुईकोटाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने तो कोट जवळजवळ दोन महिने लढवला, शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हा कुठे हाती आला. आता खानाच्या डोक्यात शिर. सपाटीवरच्या एवढ्याशा कोटाला इतके दिवस लागले, तर डोंगरी किल्ल्यांना किती लागतील? दाणागोटा कुठून येणार? बादशहाला काय कळवायचं? राजपूत सरदार जसवंतसिंहावर कितपत विसंबायचं? या माणसाला हसायला फुरसत आहे का? खान कामात आहे. तुझा नायक त्याच्या कामात आडवा येतो, म्हणून तो नायकाचा शत्रू.

कागदावर तीन रकाने आख: तारीख, खान, मावळा. खानाचा रकाना आधी भर, १६६० ते १६६३, महिन्यावार. पुस्तकाचा पहिला तिसरा हिस्सा संपेपर्यंत त्या रकान्यात मावळ्याचं नाव येऊ द्यायचं नाही. मग मावळ्याचा रकाना भर. दोघांच्या नोंदी जिथे एका ओळीत येऊन भिडतात, तिथे प्रवेश लिही. बाकीचे प्रवेश काढ. हळहळू नकोस.

खानाच्या प्रत्येक प्रवेशात एक निर्णय हवा आणि त्याची किंमत खानाने मोजायला हवी. छाप्याआधी त्याला तीनदा तरी जिंकू दे. त्यातला एक विजय मावळ्याच्या चांगुलपणामुळे मिळू दे, म्हणजे वाचकाच्या पोटात गोळा येईल.

सगळ्यात जास्त घोळ शेवटी होतो. पुस्तकभर हुशार असलेला शत्रू नायकाच्या सोयीसाठी एका रात्रीत मूर्ख होतो. तुझे पहारेकरी दारू पिऊन पडलेत. कशाला? ५ एप्रिल १६६३ची रात्र रमजानमधली आहे. दिवसभराचा रोजा, रात्रीचं जेवण, सुस्तावलेली छावणी. एवढी भली मोठी फौज भोवती पडलेली असताना कुणी घरात शिरेल असं खानाने धरलंच नव्हतं. हा हिशेब चुकला खरा, पण त्याला मूर्खपणा म्हणता येत नाही. (आजच्या लाल महालात जाऊन खोल्यांची अंतरं मोजू नकोस, ती बांधणी अलीकडची आहे.)

शत्रूला इतकं उभं केलं की आपली माणसं झाकोळतात, हा आक्षेप तुझ्याही वाट्याला येईल. मी तो मानत नाही, कधी मानणारही नाही. रिकामटेकड्या हुक्केबाजाच्या घरात शिरायला कसला पराक्रम लागतो? छाप्याचं धाडस खानाच्या ताकदीवरच मोजलं जातं. आपल्या कितीतरी ऐतिहासिक कादंबऱ्यांनी शत्रूला दाढी आणि आरोळी यापलीकडे काही दिलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. त्यात तुझी भर नको.

आणि बोटं गमावून खान संपत नाही. त्या रात्री त्याचा मुलगाही मारला गेला. बादशहाने त्याला बंगालला धाडलं आणि तिथे १६६६मध्ये त्याच्या फौजेने आराकानकडून चितगाव घेतलं. हे तुझ्या पुस्तकात येणार नाही, यायलाही नको. पण हा माणूस पुढे चितगाव घेऊ शकतो, हे त्याच्या पहिल्या वाक्यापासून जाणवलं पाहिजे. तुझ्या खानाकडून ते होईल? त्याच्याने हुक्काही धड पेटत नाही.

आधी खानाचा रकाना पाठव. त्याआधी मावळ्याची पानं आली तर उघडणार नाही.