मासा न लागलेला दिवसही लिही

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि झोप उडाली. धरणाच्या काठी गळ टाकून बसला होतास, एकाने येऊन हटकलं. परवानगीचं विचारायला गेलास, तर या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं. त्याच आठवड्यात नदीकाठी मेलेल्या माशांचा खच पाहिलास. वर मैत्रीण म्हणाली, जिवाच्या तोंडात गळ अडकवायचा आणि मग सोडून द्यायचा, यात कसलं आलंय निसर्गप्रेम. आणि आता मला विचारतोस, ‘काका, रॉड विकून टाकू का?’

विकायचा तर वीक. पण आधी एक सांग. गेल्या वर्षभरात तू कुठे बसलास, किती वेळ बसलास, काय लागलं, याची नोंद आहे तुझ्याकडे? फोटो आहेत म्हणू नकोस. मासा छातीशी धरून दात काढलेले फोटो म्हणजे नोंद नव्हे.

परवानगीचं उरकून टाकतो. धरण जलसंपदाचं, त्यातले मासे धरायचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे, आणि अभयारण्याच्या हद्दीत पाय ठेवलास की वन विभाग आणि 1972 चा वन्यजीव कायदा. हौसेने गळ टाकणारा यांतल्या कुणाच्याच डोळ्यांपुढे नसतो, म्हणून तुला टोलवतात. आधी संस्थेच्या सचिवाला भेट. त्या लोकांचं पोट त्या पाण्यावर आहे, तुझा फक्त रविवार. नाही म्हणाले तर मुकाट दुसरं पाणी शोध. पावसाळ्यात मासा विणीसाठी वर चढतो, तेव्हा गळ घरातच राहू दे, यावर मी चर्चा करत नाही. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं हा 1897 पासून गुन्हा आहे. असं करणारा दिसला, तर त्याच्याशी भांडत बसू नकोस, पोलिसांना कळव. तारीख, वेळ, जागा लिहून. म्हणजे पुन्हा नोंदच.

तू म्हणशील काकांचं डोकं फिरलंय. असेल. पण 1839 मध्ये कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खडशीचं, म्हणजे दख्खनी महाशीर या माशाचं, शास्त्रीय वर्णन छापलं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. आज त्या पाण्याच्या वासाने नाक दाबणाऱ्याला ‘इथे महाशीर होता’ असं आपण ठामपणे सांगू शकतो, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं. परक्याने लिहिलं. आपल्यातल्या जाणत्यांनी नाही.

आणि हे ऐक. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महाशीरची पैदास होते. तिथली पिल्लं देशात ठिकठिकाणी सोडली गेली, कावेरीतही. हेतू चांगलाच होता. पण कावेरीचा स्वतःचा महाशीर होता, पाठीला उंचवटा असलेला, अजस्र. तिथे कर्नाटकातल्या गालीबोरच्या कॅम्पवर हौशी लोक गळ टाकून मासा पकडत आणि सोडून देत. कुठला मासा, किती वजनाचा, किती तास बसल्यावर, हे कॅम्पच्या दप्तरात चढत असे. 1998 ते 2012 च्या त्या नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या, तेव्हा दिसलं की आपल्याकडचा निळ्या परांचा महाशीर, म्हणजे खडशीच, वाढत गेला आणि कावेरीचा ओसरत गेला. 2018 मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. कॅम्प बंद पडले, कारण संरक्षित क्षेत्रात गळ टाकणं म्हणजे शिकार, असा अर्थ लावला गेला. त्यावर कितीही वाद घाल. पण त्या माशाची बाजू मांडायला जे कागद उभे राहिले, ते गळवाल्यांचे होते.

यातलं ‘किती तास’ विसरू नकोस. मासा लागला तेवढेच दिवस लिहिलेस, तर ती बढाईची वही झाली. दुधाचा खाडा कॅलेंडरवर मांडतात तसा रिकामा दिवस मांडायचा. सकाळी सहा ते अकरा, दोन गळ, कणीक आणि गांडूळ, काही नाही. पाच वर्षांपूर्वी त्याच जागी तेवढ्याच वेळात काय लागत होतं, हे शेजारच्या पानावर असलं की तक्रार आपोआप तयार होते. बाहेरून आलेली चिलापी (तिलापिया) किती, आणि ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात तो सकर मासा, लोकांच्या काचेच्या टाकीतून नदीत आलेला, तुझ्या गळाला पहिल्यांदा कधी लागला, हेही लिही.

माझ्या वहीची पानं फुगलीत. एका पानाला रुपयाएवढा खवला चिकटलाय, तो निघत नाही. घरचे म्हणतात, वास येतो. येऊ दे. मला ज्यांनी गळ बांधायला शिकवलं त्यांना मुठेचा एकेक डोह तोंडपाठ होता, कुठे मरळ, कुठे वाम, कुठे शिवडा. सगळं तोंडीच राहिलं आणि त्यांच्याबरोबर गेलं. पुढे मी एका कार्यालयात तावातावाने ते सांगत होतो, तर साहेब अगदी नम्रपणे म्हणाले, ‘काका, खरं असेल हो, पण कागद काय आहे?’ त्या माणसाचा मला अजून राग येतो. आणि तो बरोबर होता याचा जास्त येतो.

तेव्हापासून माझ्याबरोबर यायचं तर लिहायचं, ही अट आहे. एकेक करून सगळे यायचे बंद झाले. मासा लागला की मोजपट्टी काढतो, सुटला तरी वेळ विचारतो, मजा घालवतो म्हणे. घालवत असेन. एकटा बसतो, पण कुणी कागद मागितला तर देतो.

मैत्रिणीचं म्हणणं तुला खोडून काढता येणार नाही, प्रयत्नही करू नकोस. माशाला त्रास होतोच. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाक, हात ओले करून मासा धर, एप्रिल-मेच्या तापलेल्या पाण्यात त्याला दमवू नकोस. तरीही तिचा प्रश्न उरेल. तो उरू दे.

आता ते मेलेले मासे. सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं आणि पहाटे तो सगळ्यांत कमी असतो, म्हणून खच सकाळी दिसतो. माशांना जगायला लिटरमागे निदान 4 मिलिग्रॅम प्राणवायू लागतो, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचाच निकष आहे. पण दुपारी ऊन चढल्यावर कुणी नमुना घेतला, तर आकडा बरा येऊ शकतो. तोवर पाणीही पुढे गेलेलं असतं. म्हणून तू पाहिलंस तो दिवस, ती वेळ, कुठल्या पुलापासून किती अंतरावर, पाण्याचा रंग, कुठले मासे, त्यांतले तोंड वर काढून धापा टाकणारे किती, हे आजच लिही. उद्या निम्मं विसरशील.

आणि ते फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नकोस, त्यातून फोटोबरोबरची वेळ आणि जागेची माहिती निघून जाते. मूळ फोटो ईमेलने पाठव. तक्रारीचा मसुदा मी करतो, सही तुझी.

तुझा,
काका