अल्टरनेटर बदलण्याआधी

भाऊ, जुन्या गाडीला मोठा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) आणायची घाई करू नको. आधी मल्टिमीटर लाव. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. कमी दिसले तर बेल्ट आणि अर्थिंग (चॅसीला जोडलेली बॅटरीची वायर) तपास. मी एकदा अख्खा अल्टरनेटर खोलून बसलो होतो, दोष निघाला चॅसीवरच्या गंजलेल्या अर्थच्या बोल्टात. इगतपुरीचा पाऊस खाल्लेली जीप ती, दुसरं काय होणार!

तरी बदलायचाच असेल तर त्याची पाठ बघ. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरचा (पेडल हलकं करणाऱ्या डब्याचा) व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच मागे असतो. बिनपंपाचा ९० अँपिअरचा बसवलास, तर दिवे झकास लागतील आणि कसारा घाटात ब्रेकचं पेडल दगड होईल. पुलीच्या खाचाही जुळवून घे.

जुनी बारीक चार्जिंग वायर ठेवू नको, तापते. जाड टाक, बॅटरीजवळ फ्यूज लाव. डॅशवर जुना अँपमीटर असेल तर वाढीव करंट त्यातून फिरवू नको. आणि हे सगळं विंचसाठी (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या मोटरसाठी) असेल तर ऐक: पूर्ण ताणावर ती ३००-४०० अँपिअर खाते, तेव्हा भार बॅटरीच उचलते. त्यामुळे पैसे आधी चांगल्या बॅटरीत घाल.