मैफलींची रेकॉर्डिंग जपायला आणि मित्रांना द्यायला कोणती कोरी सीडी घ्यावी?

जपायच्या प्रतीसाठी सोन्याचा परावर्तक थर आणि थॅलोसायनिन रंगद्रव्य (लेसर ज्यावर माहिती उमटवतो तो थर) असलेली सीडी-आर, म्हणजे एकदाच लिहिता येणारी सीडी, घ्या. मित्रांना द्यायला चांगल्या कंपनीची साधी, चांदीच्या थराची पुरते. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, सोनं नाही. सीडी-आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी, नकोच. सीडी लिहिण्याचा (बर्निंगचा) वेग १६ एक्सच्या, म्हणजे वाजण्याच्या वेगाच्या सोळापटीच्या, आसपास ठेवा. १ एक्स नको, आजच्या डिस्क त्यासाठी बनलेल्या नसतात. बर्निंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डिस्क ॲट वन्स’ (सगळी डिस्क एका दमात लिहिणं) निवडा, नाहीतर ट्रॅकच्या सांध्यावर दोन सेकंदांची शांतता येऊन आलाप तुटतो. चिकटवायचं लेबल लावू नका, नाव मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईने लिहा: छापील बाजूला धातूच्या थरावर फक्त लॅकरचा (वार्निशसारख्या लेपाचा) पातळ थर असतो. मात्र सोन्याची डिस्कही एकटी भरवशाची नाही; मूळ वेव्ह किंवा फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारे प्रकार) फाइल हार्ड डिस्कवर ठेवाच.