शिपायांना आधी उभं राहू द्या

प्रश्न : मी आणि माझा नववीतला मुलगा 1/72 मापाचे (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढे) प्लॅस्टिकचे शिपाई जमवतो. 1803 ची इंग्रज-मराठ्यांची आडगावची लढाई खेळ म्हणून टेबलावर मांडायची आहे. शिपाई एकेकटे गोल बेसवर (पायाखालच्या चकतीवर) चिकटवावेत की एका बेसवर गट करून? सध्या पंखा लावला की निम्मी पलटण आडवी होते.
– एक वाचक, ता. अकोट

उत्तर : भाऊ, आडगाव तुमच्या उशाशी आणि विचारता मला! पण बरं केलं. मी आधी 140 शिपाई एकेकटे चिकटवले होते. एक चाल द्यायची तर पाऊण तास नुसता उचल-ठेव करण्यात जायचा. शेवटी समोरचा भिडू म्हणाला, "गुरुजी, तुमची फौज चालून येईस्तोवर मी जेवून येतो." एकेकटा शिपाई दहा-बारा जणांच्या चकमकीत शोभतो. आडगावला पलटणी लढल्या, तिथे गटच हवा.

रंगाचा डबा नंतर उघडा, आधी रुंदी ठरवा. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक बेसची पुढची कड सारखीच असली पाहिजे, नाहीतर कोणाची किती माणसं भिडली यावरून बाप-लेकाचं वाजतं. मी 60 मिमी धरतो. प्राचीन आणि मध्ययुगीन लढाया टेबलावर खेळायच्या डीबीए नावाच्या नियमांत 25-28 मिमी उंचीच्या शिपायांना हीच रुंदी आहे, 15 मिमीवाल्यांना 40. तोफा-बंदुकांच्या काळाला ते नियम लागू नाहीत, पण माप उसनं घ्यायला कोण अडवतं? त्या 60 मिमीत कवायती पायदळाचे चार शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहतात. विखरून लढणारे असले तर दोनच ठेवा. स्वार तीन. तोफ एक, सोबत दोन गोलंदाज. बेसची पुढून मागपर्यंतची खोली मात्र ज्याची त्याची : घोड्याला पायदळापेक्षा जास्त लागते, तोफेला त्याहून जास्त. चार की दोन हे लांबून दिसलं की कोण कसा लढतो ते वही न उघडता कळतं.

आता आडगावची गोष्ट. 29 नोव्हेंबरला दुपार कलल्यावर शिरसोलीजवळ इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तीन देशी पलटणी तोफांच्या माऱ्याने मागे फिरल्या. याच पलटणी दोन महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत टिकून लढल्या होत्या. वेलस्लीने स्वतः जाऊन त्यांना आडोशाला सावरलं आणि पुन्हा रांगेत आणलं. म्हणजे तुमच्या खेळात पलटण पळाली तरी मरत नाही, परत येऊ शकते. ही अवस्था दाखवायला प्रत्येक बेसच्या मागच्या काठाला 6-7 मिमी जागा मोकळी सोडा. तिथे मणी ठेवायचा. पलटण पळाली की लाल, सावरली की मणी उचलायचा. मी ही जागा सोडली नव्हती, मग मणी शिपायाच्या टोपीवर ठेवत बसलो.

तोफांचं गणित सोपं आहे. त्या दिवशी 38 तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. एक मॉडेल म्हणजे सहा तोफा धरल्या, तर समोरच्या, म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या बाजूला सहा मॉडेलं पुरतात. दुकानात दिसली म्हणून बारा घेऊ नका.

बेसला पुठ्ठा वापरू नका. वापरायचाच तर फेविकॉल दोन्ही बाजूंनी लावा. एकाच बाजूने लावला की सुकताना तो ओढतो आणि पुठ्ठ्याची होते पापडी. मी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला होता. श्रावणात सगळी फौज पुढूनमागून डुलायला लागली. फोटोफ्रेमवाल्याकडे 3 मिमी एमडीएफचे तुकडे पडून असतात, ते मागा. आणि 1/72 च्या शिपायाच्या पायाखालची पट्टी कापू नका! ते प्लॅस्टिक मऊ असतं, साधा गोंद धरत नाही. पट्टी खालून पॉलिश कागदाने खरवडा, रबरी सोल्यूशनने चिकटवा, वरून फेविकॉल आणि चाळलेली रेती पसरा. पट्टी रेतीत बुडते आणि पंख्याचं भ्यावही जातं.

प्रश्न : फौजा पेटीत भरून एसटीने माहेरी नेते, दर खेपेला घोड्यांचे पाय मोडतात. शिवाय कोणता बेस कोणत्या पलटणीचा ते शोधण्यातच सकाळ जाते.
– एक वाचिका, जि. वर्धा

उत्तर : ताई, लग्नातली पत्र्याची पेटी घरात असेलच. तिच्यासारखं दुसरं काही नाही. बेसखाली पातळ लोहचुंबकाची पट्टी लावा, जाहिरातीची फ्रिजवर चिकटवतात ती. पेटीच्या तळाला बेस असा धरतो की चालकाने स्पीडब्रेकरवरून उडवली तरी हलत नाही. पट्टीच्या अंगच्या गोंदावर मात्र विसंबू नका. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली तो पाघळला, बेस वर आले आणि चुंबक पेटीतच राहिले. पट्टी वेगळ्या सोल्यूशनने लावा आणि पेटी माळ्यावर न ठेवता खाटेखाली ठेवा.

ओळखीसाठी बेसच्या तळाला पलटणीचा आकडा आणि रंगाचा ठिपका. पुढून ठिपका देऊ नका, फोटोत तोच डोळ्यात भरतो. पेटी भरताना टेबलावर जी रांग आधी मांडायची, ती सगळ्यांत शेवटी भरायची, म्हणजे उघडल्यावर वर तीच. घोडे एका कोपऱ्यात, भोवती जुन्या बनियनचे बोळे. कापूस नको, तंतू भाल्यात अडकतात आणि ओढताना भालाच निघून येतो.

प्रश्न : बेसवर शेतातलीच काळी माती लावली तर खरं वाटेल ना?
– एक विद्यार्थी, ता. दर्यापूर

उत्तर : खरं वाटेल बाप्पा, जरा जास्तच! आपली माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की फाटते. फेविकॉलमध्ये कालवून लावली तर आठवड्यात बेसवर वैशाखातलं वावर दिसतं, भेगांसकट. मी खूश झालो होतो. दुसऱ्या आठवड्यात ढेकळं सुटली आणि एक हत्ती पायासकट उखडून आला. नदीची बारीक रेती चाळ, तव्यावर कोरडी भाज (आईला विचारून, जुन्या तव्यावर), मग लाव आणि काळपट तपकिरी रंग दे. सुकल्यावर जवळपास कोरडा ब्रश फिक्या मातकट रंगात टेकवून वरून फिरव, म्हणजे कणाकणाच्या माथ्यावर ऊन पडल्यासारखं दिसतं. ज्वारीचं वावर हवं असेल तर काथ्याच्या पायपुसण्याचा कोपरा काप. पण तो दारातला नको, नवा आण.