बर्फीचा गुडघा

प्रश्न : स्टेशनजवळ कुणीतरी सोडून दिलेली पॉमेरेनियन रेस्क्यूवाल्या मुलीने "ताई, फक्त पंधरा दिवस सांभाळा" म्हणून माझ्याकडे आणून दिली, त्याला आता चार महिने झाले. नाव बर्फी. मागचा डावा पाय मधेच उचलते, तीन पायांवर चार पावलं लंगडी घालते, मग पाय मागे ताणून एक झटका देते आणि काही झालंच नाही अशी चालायला लागते. व्हेट म्हणाले गुडघ्याची वाटी सरकतेय, ग्रेड दोन, सध्या ऑपरेशन नको, वजन मात्र नऊ किलोचं सहावर आणा. दत्तक घ्यायला पाचेक जण बघून गेले, पण पायाचं ऐकलं की "घरी विचारून कळवतो". आता एकीचं म्हणणं, पोस्टमधे पायाचं लिहूच नका, आधी जीव लागू दे मग सांगा. असं करू का? आणि माझी आई (वय ७२) तिला पोळी-तूप चारते, बर्फी जाणार म्हटलं की दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, तिचं काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, लपवू नका. मी केलंय हे. एक लंगडा कुत्रा "थोडासा पाय दुखतो, होईल बरा" असं म्हणून दिला होता, अकराव्या दिवशी भांडं, पट्टा, अर्धी खाण्याची पिशवी सगळं घेऊन माणसं दारात, आणि तो आत येऊन सरळ पलंगाखाली गेला तो दुसऱ्या दिवसापर्यंत जेवला नाही. चिडले ते माझ्यावर, शिक्षा त्याला.

उलट पोस्टमधे पहिला व्हिडिओ त्या लंगडीचाच टाका, झटका देऊन परत पळते तोपर्यंतचा, कारण "पायाचा प्रॉब्लेम" एवढंच वाचलं की लोकांच्या डोळ्यासमोर थेट अपंग कुत्रं येतं. ग्रेड दोन म्हणजे वाटी आपोआप सरकते आणि बहुतेक वेळा आपोआप जागेवर येते. तीनमधे ती बराच वेळ बाहेरच असते, हाताने बसवावी लागते, चारमधे हातानेही बसत नाही. छोट्या जातीत हे कॉमन आहे, वजन आटोक्यात असेल तर बरीच कुत्री ऑपरेशनशिवाय मजेत राहतात, पण पुढे वाढू शकतं हेही तोंडावर सांगा. एक्स-रेची कॉपी द्या, आणि उद्या ऑपरेशन लागलंच तर खर्च कोणाचा हे रेस्क्यूवाल्या मुलीला ॲडॉप्शन फॉर्मवर लिहून घ्यायला सांगा, तोंडी नको. ऑपरेशननंतर साधारण सहा-आठ आठवडे उड्याबिड्या बंद असतात, म्हणजे दिवसभर घराला कुलूप असलेल्यांना ती देऊ नका. बघायला येणाऱ्यांना मी आधी दोनच गोष्टी विचारते, कितव्या मजल्यावर राहता, लिफ्ट आहे का.

तोवर तुमच्या घरातल्या टाइल्स बघा. गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकतात आणि वाटी तिथेच सटकते. सतरंजी टाकू नका, ती कुत्र्यासकट घसरते (आमच्याकडे ती थेट टीव्हीच्या स्टँडपर्यंत गेली होती), खाली रबर असलेली मॅट घ्या, जुनी योगा मॅट कापलीत तरी चालेल. पंजा उलटा करून बघा, पॉमच्या गाद्यांमधे केस वाढतात, म्हणजे पायात मोजे घालून फरशीवर चालल्यासारखं होतं, ते केस ट्रिम करून घ्या, नखंही. सोफ्यावरून उडी बंद, खाली एक जाड उशी ठेवा. फिरवायचं पट्ट्याने, थोडं थोडं, दिवसातून तीनदा. आणि दुखतंय वाटलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अजिबात देऊ नका, आपल्या गोळ्यांनी कुत्री दगावतात, व्हेटला फोन करा.

आईंना पोळी-तूप बंद करा म्हणून सांगून उपयोग नाही, मीही माझ्या सासूबाईंना सांगून थकले, शेवटी काम बदलून दिलं. बर्फीचं रोजचं मोजलेलं खाणं त्यांच्याच ताब्यात द्या, त्यातलेच दाणे बाजूला काढून दिवसभर हवे तेव्हा भरवू दे, आणि दर रविवारी वजन करून कॅलेंडरवर त्यांनाच लिहायला सांगा. बर्फी त्यांच्याकडेच राहावी असं तुम्हालाही वाटत असेल तर तसं रेस्क्यूला सरळ कळवा आणि पोस्ट काढून टाका, यात लाजण्यासारखं काही नाही, माझा पहिला फॉस्टर, म्हणजे तात्पुरता सांभाळायला घेतलेला कुत्रा, तेरा वर्षं माझ्याकडेच होता. पण द्यायची ठरली तर आईंना तिच्या नवीन घरी सोबत न्या, आणि बर्फीची झोपायची चादर न धुता बरोबर द्या.